उभं पाणी

मंगळवारी पाऊस उघडला आणि बुधवारी सकाळपासून माझा पाय घरात ठरेना. चहा गॅसवर ठेवायचा, गॅलरीत जाऊन आभाळ बघायचं, परत यायचं तोवर चहा उतू गेलेला. सुनेनं दुसऱ्यांदा शेगडी पुसली आणि म्हणाली, "आई, ढग काय पळून चाललेत का?"

पळूनच चालले होते. तीच तर पंचाईत होती.

आमच्या परभणी जिल्ह्यात धबधबा आहे म्हटलं की परभणीचाच माणूस आधी हसतो. सपाट काळं रान, कापूस, सोयाबीन आणि उन्हाळ्यात नळाची वाट बघणाऱ्या घागरी. इथं कड्यावरून पाणी कुठलं पडायला? पण जिंतूरच्या पुढं येलदरीकडं निघालं की जमीन वर-खाली व्हायला लागते, डोंगर सुरू होतात, आणि त्यातल्या एका वस्तीच्या मागं खरंच कडा आहे नि कड्यावरून पाणी पडतं. बारा महिने नाही. पाऊस लागून राहिला तर पडतं, ऊन पडलं की चार दिवसांत आटोपतं. पाटी नाही, कठडा नाही, भज्यांची गाडी नाही.

ते बघायचं होतं आमच्या ईनबाईंना. ईनबाई म्हणजे माझ्या लेकाची सासू, आणि ती वस्ती म्हणजे त्यांचं माहेर. डोळ्यांच्या दवाखान्यासाठी त्या लेकीकडं, म्हणजे आमच्याच घरी, राहायला आल्या त्याला वर्ष होत आलं. एका घरात दोन विहिणी! शेजारणी कान लावून बसायच्या, भांडण कधी ऐकू येतंय म्हणून. आम्ही त्यांना कधी निराश केलं नाही.

ईनबाईंना काचबिंदू आहे. डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली औषधाच्या थेंबांवर राखायची, आणि तीही किती दिवस ते सांगता येत नाही. त्यांना समोरचं तेवढं दिसतं, डोळ्याला बांबूची नळी लावल्यासारखं. ताटातली भाकरी दिसते तेव्हा भाजी दिसत नाही, आणि भाजी सापडली की भाकरी जाते. त्यात उजेड कमी झाला की तेवढंही नाही. पण रडणं-कुढणं काही नाही. पाऊस लागला तेव्हापासून एकच धोसरा.

"औंदा मला माझं पाणी बघायचंय," त्या म्हणाल्या.

लेक म्हणाला, "मामी, मोबाइलवर दाखवतो की. कुणीतरी टाकलं असेल. आवाजसुद्धा ऐकू येतो."

"ऐकायचं न्हाई. ऐकायला काय, मरस्तोवर ऐकीन. बघायचंय."

"मग रविवारी गाडी काढतो."

रविवारी! बुधवारी ऊन पडलेलं, आणि हा रविवारी गाडी काढणार. रविवारपर्यंत तिथं ओला दगड तरी राहिला असता का? मी ईनबाईंना हाताला धरून आतल्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि त्यांच्या भाचेसुनेला फोन लावला. ईनबाईंचे आई-वडील, भाऊ-भावजय आता कुणी उरलेलं नाही. भाचा आणि त्याची बायको, एवढंच माहेर. फोन मी मोठ्या आवाजावर ठेवला. तिनं जयभीम घातला, तब्येत विचारली, म्हशीची तब्येत सांगितली. मला कुठला धीर!

"अगं, पाणी उभंय का?" मी मधेच विचारलं.

"उभंय की, लय उभंय, पर आत्या..."

"झालं तर! उद्या येतो आम्ही," असं म्हणून मी फोन ठेवूनही दिला.

"ती 'पर' म्हनली," ईनबाई म्हणाल्या.

"बायका 'पर' म्हणतातच. पिशवी भरा."

पाणी उभं असणं म्हणजे काय, हे मला ईनबाईंच्या माहेरानं शिकवलं, आणि चांगलं टाळक्यात बसेल असं शिकवलं. खालच्या रानातून बघितलं तर ते पाणी पडताना दिसतच नाही. कड्याला टेकून पांढऱ्या लुगड्यातली बाई उभी राहावी तसं दिसतं. म्हणून तिथली माणसं धबधबा म्हणत नाहीत. पाऊस लागला की "पाणी उभं राह्यलं" आणि उघडला की "पाणी बसलं", एवढंच.

मी पहिल्यांदा तिथं गेले तेव्हा नवी कोरी मास्तरीण होते. काय तो थाट! केसाला दोन क्लिपा, डोळ्याला गॉगल, पर्समध्ये मुठीएवढा आरसा आणि पायात उंच टाचा. त्या टाचा काळ्या चिखलात अशा रुतायच्या की प्रत्येक पावलाला चपला मागं आणि बाई पुढं. हिवतापाची मोहीम निघाली होती, आम्हा शिक्षकांना वस्त्या वाटून दिल्या होत्या आणि वस्तीशी बोलायची मला भारी हौस. मी दगडावर उभी राहून डासांवर भाषण ठोकलं. बायका-माणसं पोरं कडेवर घेऊन गुमान ऐकत होती. भाषण संपलं तशी एक म्हातारी कौतुकानं पुढं आली.

"बाई, एवढ्या लांबून आलात, तर आमचं पाणी बघून जा की. लय छान उभंय."

मी गॉगल कपाळावर चढवला. "उभं पाणी? किती दिवसांपासून उभंय?"

"आठ रोज झाले."

"आठ रोज! आणि तुम्ही काय करताय?"

"काय करनार बाई? सांच्याला समदे जाऊन बघत बसतो."

माझा तर संताप संताप झाला. एवढं घसा फोडून सांगितलं आणि ही माणसं साचलेलं पाणी बघत बसतात! मी परत दगडावर चढले. "उभं पाणी ताबडतोब वाहतं करा. वाहतं करता येत नसेल तर त्यावर रॉकेल ओता!"

मग मागून एका माणसानं अगदी अदबीनं विचारलं, "बाई, वरून वतायचं का खालून?"

"कुठूनही ओता!"

"वर चढून वतलं तर वतनारा बी खाली येईल," तो म्हणाला, आणि सगळी वस्ती हसून हसून लोळायची बाकी राहिली. मला वाटलं, अडाणी आहेत. मी नाक वर केलं, टाचा चिखलातून उपटल्या आणि जीपमध्ये जाऊन बसले. कडा माझ्या पाठीमागंच होता. मान वळवली असती तरी दिसला असता, पण मान वळवली तर केस विस्कटतात.

पुढं कैक वर्षांनी लेकासाठी मुलगी बघायला गेलो. मुलीची आई चहाचा ट्रे घेऊन आली, माझ्याकडं टक लावून बघायला लागली आणि भरल्या बैठकीत म्हणाली, "तुमी त्या रॉकेलवाल्या बाई का?" माझ्या भाषणाच्या त्या गर्दीत परकरातली पोर म्हणून ती उभी होती. अशी आमची सोयरीक जुळली. तेव्हापासून मी कधी शहाणपणा शिकवायला लागले की ईनबाई फक्त "रॉकेल हाय का घरात?" एवढंच विचारतात.

तर आता उभं पाणी म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको होतं. फोनवर ती "उभंय" म्हणाली आणि मी निघाले.

निघायच्या आधी आमच्या नातीची परवानगी लागली. आम्हा दोघींची मिळून ही एकच नात, कॉलेजात पर्यावरण शिकते. तिला बरोबर यायचं होतं पण परीक्षा आडवी आली, म्हणून तिनं पलंगावर मांडी घालून आम्हाला प्रवास कसा करायचा ते समजावलं. कार नाही, एसटी. पाण्याच्या विकत बाटल्या नाहीत, घरचा तांब्या नाहीतर स्टीलची बाटली. जे नेलं ते परत आणायचं. हॉटेलात न राहता गावातल्या घरी राहायचं, तिथं पिकतं ते खायचं. पाण्यापाशी साबण नाही, आरडाओरडा नाही.

ईनबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. "मंजी आमी माहेरी जायचो तसंच," त्या म्हणाल्या.

"हो आजी, तसंच. त्याला सस्टेनेबल म्हणतात."

"मग आमी लय दिवसांच्या सस्टेनेबल हावोत."

नातीचं बरोबर होतं, पण. मागच्या पावसाळ्यात कुणीतरी त्या पाण्याचा व्हिडिओ टाकला आणि दर रविवारी गाड्या यायला लागल्या. थेट ओढ्यातून वर, कड्याच्या पायथ्यापर्यंत. गाणी लावायची, बाटल्या फोडायच्या, जाताना ओढ्यातच गाड्या धुवायच्या. त्या ओढ्याच्या खालच्या अंगाला वस्तीचा पिण्याचा झरा. बायकांच्या घागरीत तेलाचा तवंग यायला लागला. शेवटी त्या सगळ्या जमल्या आणि त्यांनी ओढ्याच्या वाटेवर दगड रचून त्यावर बाभळीच्या काट्या टाकल्या. चालत जाणाऱ्याला बाजूनं वाट, चाकाला नाही. लेकाची गाडी रविवारी गेली असती तरी तिथंच अडली असती. माझ्या तरुणपणीच्या त्या गॉगलवालीला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, "पण आमची जीप सरकारी आहे!"

गुरुवारी सकाळची जिंतूर गाडी धरली. पिशवीत भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदे, स्टीलची बाटली, ईनबाईंचे थेंब आणि दोघींची एकेक साडी. ईनबाईंना खिडकीत बसवलं तर म्हणाल्या, मला कडेला काही दिसत नाही, खिडकी कशाला वाया घालवता? मग मी बसले. बसले म्हणजे काय, निम्मी उभीच. दर थांब्याला मान बाहेर. ऊन वाढत होतं. एवढं लख्ख ऊन मला आयुष्यात कधी खुपलं नव्हतं. रस्त्याच्या कडेला डबकी होती, ती सुकताना दिसत होती. म्हणजे दिसत नव्हती, पण मला दिसत होती.

बोरीला गाडी थांबली ती थांबलीच. ड्रायव्हर चहाला उतरला. मी दारापर्यंत जाऊन आले.

"मावशी, बसा की," कंडक्टर म्हणाला. "कुनी आजारी हाय का तिकडं?"

"पाणी बसायलंय रे बाबा!"

"पानी?" त्यानं ईनबाईंकडं बघितलं.

"तुमी ध्यान देऊ नका," ईनबाई त्याला म्हणाल्या. "ह्या शिकलेल्या हायेत."

जिंतूरच्या स्टँडवर येलदरीची गाडी "आत्ता येईल" होती. खिडकीतला माणूस दर वेळी त्याच चेहऱ्यानं आत्ता म्हणायचा. आम्ही भाकरी खाल्ली, तरी आत्ता. ईनबाईंनी थेंब घातले, डोळे मिटून बसल्या, उघडले, तरी आत्ता. मी चौकशीच्या खिडकीपाशी एवढ्या वेळा गेले की तो माणूस मला बघून खाली वाकायला लागला. शेवटी एक काळी-पिवळी जीप भरून निघाली होती तिच्यात घुसलो. एका शेळीनं आम्हाला जागा करून दिली.

फाट्यावर उतरलो तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. फाट्यापासून वस्ती चालत. काळी माती चपलेला धरत होती, दर थोड्या वेळानं पाय जड व्हायचा आणि काडीनं खरवडावं लागायचं. ईनबाई माझ्या पदराचं टोक धरून मागं. मी भराभर निघायची, पदर ताणला जायचा, खांद्यावरून घसरायचा.

"अवो, वरात हाय का ही? सावकाश चला."

"उजेड जाईल, ईनबाई."

"मी पडले तर उजेड काय करायचा मग?"

वस्तीवर पोचलो तर भाचेसून अंगणात कपाळाला हात लावून उभी. "आत्या! आलातच का वो? मी नको म्हनत होते ना."

"तूच म्हणालीस, लय उभंय!" मी म्हणाले.

"वावरात उभंय! समदी पांदन पान्यात गेली, गुडघा गुडघा उभंय. म्हनून म्हनत होते, पर आत्या, आत्ता येऊ नका. तर फोन बंद."

मी अंगणातल्या बाजेवर बसले, बहुतेक त्या दिवसात पहिल्यांदाच नीट बसले. ही पोर गंगाकाठची, म्हणजे गोदावरीच्या काठची, गंगाखेडकडची. तिच्या माहेरी डोंगर नाहीत आणि कडेही नाहीत. तिच्या बोलण्यात पाणी उभं राहणं म्हणजे शेतात पाणी साचणं. सगळ्या जगात असतं तसं! पहिल्या वेळी पाणी पडत होतं आणि मी साचलेलं समजले. आता साचलेलं होतं आणि मी पडतंय समजले. दोन्ही वेळेला आत्मविश्वास मात्र सारखाच होता.

ईनबाई हसत नव्हत्या. "आनि आपलं पानी?" त्यांनी विचारलं.

"ते तर दोन रोज झाले, बारीक झालंय आत्या. उद्यापर्यंत ऱ्हाईल का न्हाई सांगता यायचं न्हाई."

उद्या नाही. म्हणजे आजच, आणि उजेड आहे तोवर. नेहमीची वाट म्हणजे शेतातली पांदण, ती पाण्यात. ओढ्याच्या वाटेनं चालावं तर पाण्याखालच्या दगडांवर ईनबाईंचा पाय ठरला नसता. माळावरून वळसा घालून जाता येतं, पण तो लांबचा आणि दगडांचा. ईनबाईंच्या पावलानं तिथं पोचेपर्यंत दिवस मावळणार, हे मला दिसत होतं, भाचेसुनेला दिसत होतं, आणि ईनबाईंनाही.

भाचेसून म्हणाली, "ह्यांना टॅक्टर काढायला लावते. ओढ्यातून सरळ वर नेतील. काट्या मी सारते बाजूला. आत्या हाय, परकी थोडीच हाय?"

"सार, सार," मी पिशवी उचललीसुद्धा.

"न्हाई," ईनबाई म्हणाल्या.

"अहो, कुणी नको म्हणायचं नाही. तुमचंच माहेर."

"म्हनूनच. आज आत्या म्हनून सारतील, उद्या मेव्हना म्हनून, परवा साहेब म्हनून. आनि टॅक्टर गेला तर आज रातच्याला ह्या पोरींनी काय प्यायचं, गढूळ?"

"एक दिवस..."

"ईनबाई, रॉकेल वतायला निघालात का?" त्यांनी मला विचारलं. त्यांची ईनबाई मीच.

मी पिशवी खाली ठेवली. मग परत उचलली, कारण ठेवून काय करायचं होतं? माळाच्या वाटेनं निघालो.

ती वाट मला आठवते ती तुकड्या-तुकड्यानं. भाचेसून पुढं, मधे मी, पदराला ईनबाई. सीताफळाची झुडपं, सुटे दगड, गुडघ्यातून निघणारी कळ. मी दर वळणाला सूर्याकडं बघत होते आणि सूर्य दर वळणाला बोटभर खाली. एका ठिकाणी मी ईनबाईंचं मनगट धरून ओढलं. त्या थांबल्या. हात सोडवून घेतला.

"ओढू नका मला. पाय कुठं ठेवायचा ते मला बघावं लागतं. एक पाय ठेवला की दुसरा दिसत न्हाई."

"मी सांगते ना कुठं ठेवायचा."

"तुमी फुडं बघता वो. माझ्या पायाकडं कुठं बघता?"

खरं होतं. मग मी उलटी झाले, त्यांच्याकडं तोंड करून पाठमोरी चालायला लागले, त्यांचे दोन्ही हात धरून. "डावा. आता उजवा. इथं दगड हलतोय." माझ्या पाठीमागं काय आहे ते मला दिसत नव्हतं, ते भाचेसून सांगत होती. अशी आमची गाडी निघाली. परक्या कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, म्हाताऱ्या फुगडी घालायल्यात.

माळाच्या माथ्यावर भाचेसून थांबली. शेरडं मोकळीच होती, ती बांधून आम्हाला न्यायला येते म्हणाली आणि समोर बोट दाखवून परत फिरली. आम्ही खाली उतरलो, ओढ्याच्या काठाला, आणि कडा समोर आला.

मला वाटलं होतं, धो-धो आवाज येईल. आवाज होता, न्हाणीतला नळ नीट बंद केला नाही की येतो तेवढा. काळाकभिन्न उंच कडा आणि त्यावरून पाण्याची एक दोरी. वारा आला की ती दोरी मधेच तुटायची, बाजूला उडायची, परत जुळायची. एवढ्यासाठी आम्ही गुडघे झिजवले! पण होतं. पडत होतं. मी ईनबाईंना घाईनं पुढं घेतलं, डोहाच्या काठापर्यंत.

"दिसायलंय का?"

"दगूड दिसायलाय."

"अजून पुढं या. आता?"

"वला दगूड दिसायलाय."

"अहो, समोर बघा, समोर!" मी त्यांची हनुवटी धरून तोंड वळवलं, जसं फोटोवाला करतो. त्यांच्या तोंडावर तुषार उडत होते, त्यांच्या पापण्या ओल्या झाल्या होत्या, आणि तरी पाणी काही सापडेना. त्या मान वर करायच्या तर आभाळ, खाली करायच्या तर शेवाळ. मी त्यांना डावीकडं सरकवलं, उजवीकडं सरकवलं. सूर्य डोंगराच्या शेंडीला टेकला होता.

"ईनबाई," त्या म्हणाल्या, "मला मागं न्या."

"मागं? अहो, आत्ता तर पोचलो!"

"न्या म्हनते ना."

नेलं. ओढा सोडून, उतार चढून, एका पळसापर्यंत. त्यांनी पळसाच्या खोडाला पाठ लावली. मग मान अगदी वर नेली, कड्याच्या माथ्यापर्यंत, आणि तिथून सावकाश, सुईत दोरा ओवताना बघतात तशी, खाली आणली. थांबल्या. परत वर. परत खाली. तिसऱ्यांदा मान हललीच नाही.

"दिसतंय का?" मी विचारलं. "दिसतंय ना? नक्की? बसता का? पाणी देऊ प्यायला?"

"गप बसा वो जरा."

मी गप बसले. म्हणजे तोंड गप बसवलं. पायानं एक खडा इकडून तिकडं, तिकडून इकडं.

बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "वरपासून खालपस्तोर समदं आलं. बारीक हाय ते बरंच झालं. लठ्ठ बाई असती तर निम्मीच दिसली असती, तुमच्यासारखी."

मग त्यांनी पदरानं डोळे टिपले आणि घाईघाईनं परत वर केले, जणू तेवढ्यात कुणी ते उचलून नेईल. जवळ एक दगड होता, मी म्हटलं टेका. नको म्हणाल्या, बसलं की नजर हलते. उभ्याच राहिल्या. लहानपणी इथं काय करायच्या, कुणाबरोबर यायच्या, यातलं काही बोलल्या नाहीत. मी विचारणार होते, पण तोंड उघडलं की त्यांचा हात वर व्हायचा.

"तुमी बघितलं का?" एकदम त्यांनीच विचारलं.

"बघितलं की."

"कवा?"

आता काय सांगू? मी सूर्य बघितला होता, वाट बघितली होती, त्यांचे पाय आणि त्यांचा चेहरा बघितला होता. पाण्याकडं म्हणाल तर आल्या आल्या एक नजर, तीही ते किती आहे याचा अंदाज घ्यायला. मी त्यांच्या बाजूला, खोडाच्या उरलेल्या अर्ध्या भागाला पाठ लावली. दोन म्हाताऱ्यांना तो पळस पुरत नव्हता, माझा एक खांदा हवेतच होता. पाणी पडत होतं. थोडा वेळ बघितलं. मग मनात आलं, भाचेसून अजून का आली नाही? मग पिशवी कुठं ठेवली ते आठवलं. मग परत पाणी बघितलं. मला हे काम जमत नाही, आणि या वयात शिकायचा कंटाळाही येतो.

ऊन कड्यावरून निघालं. आधी खालचा दगड निळसर झाला, मग ती सावली वर चढायला लागली. ईनबाईंची मान पुढं झाली. त्यांनी एकदा डोळे चोळले, परत बघितलं.

"गेलं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"पानी."

पाणी तिथंच होतं. मला चांगलं दिसत होतं. उजेड होता की. माणसं अजून रानातून घरी परतायची होती. पण त्यांच्या नळीत तेवढा पुरला नाही. त्यांचे डोळे उघडेच होते, कड्यावर नसलेल्या कुठल्यातरी जागी लागलेले.

"मलाही नाही दिसत आता," मी म्हणाले. "अंधारलं. चला."

"किती वाईट खोटं बोलता वो. एवढी वरसं पोरं शिकवली का पोरं बुडवली?" त्यांनी माझं मनगट पकडलं आणि चांगलं घट्ट धरलं. "काय दिसायलंय ते सांगा."

"पाणी पडतंय. कडा आहे. दोन-चार झाडं आहेत."

"हे काय सांगनं झालं? परीक्षेला असं लिव्हलं तर किती मार्क द्यायच्यात? वरून सुरू करा. सावकाश सांगा."

मी वर बघितलं. माथ्यावर पाणी कुठून येतं ते आधी सापडेना. मग दिसलं, दोन दगडांच्या मधे एक खाच आहे आणि पाणी तिथून वाकून बाहेर येतं, ते त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, दोन न्हाई, तीन दगड. तिसरा मागं हाय. होता, मागं होता. तिथून पाणी थोडं कड्याला धरून उतरतं, मग कडा आत जातो आणि पाणी मोकळं पडतं. वारा आहे म्हणून आत्ता ते डावीकडं झुकलंय. त्या हं हं करत होत्या. कुठं आत जातो ते विचारत होत्या, वरच्या झाडाच्या वर का खाली. मी म्हटलं खाली. मधल्या कपारीत काहीतरी हललं.

"कपारीत कावळे बसलेत," मी म्हणाले, "सहा-सात असतील."

"कावळे तिथं बसत न्हाईत. पारवे असतील. नीट बघा."

मी चष्मा काढला, पदरानं दोन्ही काचा पुसल्या, परत लावला आणि नीट बघायला लागले.